बोअरची केबल आणि मायचा आवाज

आमच्या गावच्या माळावर पाण्याची टाकी आहे. तिच्या खांबाला जो करडा भोंगा बांधलाय तो मी लावला. शिडीवर चढून नट आवळणारा माझा चुलतभाऊ होता हे खरं, पण तार कुठली घ्यायची, कुठून न्यायची आणि कशी टांगायची हे ठरवणारी मी. याचा मला गर्व आहे आणि तो झाकून ठेवण्याइतकी मी नम्र नाही. लातूरच्या एका शाळेत मी अर्धं आयुष्य विज्ञान शिकवलं. त्यातलं किती मुलांच्या डोक्यात राहिलं कोण सांगणार? पण तो भोंगा आजही वाजतो, आणि खालून जाताना मी मान वर करून त्याच्याकडे बघतेच.

आमचं गाव मुखेडच्या पलीकडे, ओढ्याच्या काठी. आमची वस्ती खोलगट जागेत होती, मोठा पाऊस झाला की घरात पाणी शिरायचं. शेवटी माळावर घरकुलं मिळाली आणि आमच्यासह दहा-बारा घरं वर राहायला गेली. विहार मात्र खालच्या वस्तीतच राहिला. आता विहार आणि माळ यांच्यामध्ये ओढा आहे आणि ओढ्याला लागून एका शेतकरी काकांचं सोयाबीनचं रान. उन्हाळ्यात ही वाट सहज संपते. पावसाळ्यात चप्पल चिखलात रुतून बसते आणि माणूस अनवाणी पुढे जातो.

नेमका पावसाळ्यातच विहार रोज भरतो. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. दिवेलागणीला सगळे जमतात, वंदना होते आणि मग ग्रंथवाचन. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्याकडे हे वाचन वर्षानुवर्षं माझ्या वडिलांनी केलं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबा एसटीत कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या सीटवरच्या माणसालाही त्यांची पहिली हाक पोचायची. ते वाचायला बसले की समोरचा माईक नुसता शोभेला असायचा.

मागच्या उन्हाळ्यात आबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. चार-दोन शब्द उरले, तेही मोठ्या कष्टानं बाहेर येणारे. आषाढ जवळ आला तशी विहारात चर्चा सुरू झाली की यंदा वाचणार कोण. शिकलेली पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत असताना माझी माय उठली आणि म्हणाली, मी वाचते.

माय शाळेत गेलेली नाही. तिला अक्षरं आबांनीच शिकवली, लग्नानंतर, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून. पण हे मास्तर भलतेच कडक. माय वाचायला लागली की आबा शेजारी बसत आणि चूक झाली की तोंडानं काही न बोलता एक बोट वर करीत. बोट वर झालं की तिची जीभ अडखळायची, मग पुढचा शब्दही चुकायचा, मग पुन्हा बोट. तिनं त्यांच्यासमोर वाचणंच सोडून दिलं. भाकरी झाल्या की भिंतीला टेकून ती एकटीच वाचत बसायची, आणि आबा आले की पुस्तक मिटायची. एवढ्या वर्षांच्या संसारात आबांनी तिचं सलग वाचन कधी ऐकलंच नव्हतं.

आणि आता सगळं गाव ऐकत होतं, आबा सोडून. जो तो आमच्या दारात थांबून सांगायचा, काय वाचती तुमची मालकीण, पाण्यासारखं. आबा बाजेवर पडल्या पडल्या ऐकून घ्यायचे आणि मग डाव्या हातानं आधी स्वतःचा कान आणि मग खिडकीबाहेर विहाराची दिशा दाखवायचे. मी दर शनिवारी लातूरहून एसटीनं यायचे तेव्हा हेच. मला ऐकायचंय, एवढंच ते सांगत होते.

आम्ही नाना प्रकार करून पाहिले. त्यांना खुर्चीत बसवून नेऊ म्हटलं तर त्यांनी बाजेची कड घट्ट धरली. ज्या विहारात आपण ताठ बसून वाचलं तिथं उचलून आणलेलं त्यांना नको होतं, आणि हा ताठा मला समजतो, कारण तो माझ्यातही आहे. मोबाईल लावून ठेवला तर माळावर रेंज धड नाही, दर वाक्याला आवाज तुटायचा. रेकॉर्ड करून आणलं ते त्यांनी थोडंसं ऐकलं आणि म्हणाले, "शिळं." मायला म्हटलं, मग तूच इथं बसून वाच. ती बसली, ग्रंथ उघडला, पहिली ओळ सुरू केली. आबांचं डावं बोट सवयीनं हललं. मायनं ग्रंथ मिटला आणि पदराखाली घेतला. तिकडं जीभ कशी सरसर चालती, म्हणाली, ह्यांच्यासमोर न्हाई जमत.

विहारावर एक भोंगा आहे, पण त्याचं तोंड खालच्या वस्तीकडे. वर माळावर येतो तो नुसता घुमारा, शब्द एकही कळत नाही. तो फिरवून आमच्याकडे केला असता तर खालची म्हातारी माणसं उपाशी राहिली असती. तेव्हा मी ठरवलं की माळावर दुसरा भोंगा लावायचा. मायला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "लाव. पण कोणत्या दिवशी चालू करायलीस ते मला सांगू नको. कळलं तर तिथंबी अडखळंल मी."

चुलतभाऊ जयंतीचं लायटिंग आणि साउंड बघतो, म्हणून त्याला बोलावलं. त्यानं विचार करायलाही वेळ घेतला नाही. म्हणाला, आपली जयंतीची वायर हाय की, विहारापासून माळापर्यंत बरोबर पुरती. ही वायर म्हणजे आमच्याकडे साधी वस्तू नाही. एप्रिलमध्ये जयंतीला सगळ्या वस्तीवर बल्बांच्या माळा लागतात, त्या याच वायरवर. सगळ्या घरांच्या वर्गणीतून ती आलेली. एरवी ती निळ्या कापडात गुंडाळून विहारातल्या पेटीत ठेवलेली असते, आणि जमिनीवर पसरलेली असताना तिला कुणी ओलांडत नाही, वळसा घालून जातात. असली वायर या कामाला लागणार म्हटल्यावर सगळ्यांना बरंच वाटलं. मलाही वाटलं. वायर पसरली, चुलतभावाकडचा एक जुना भोंगा टाकीच्या खांबाला बांधला, आणि मी आबांना धुतलेला सदरा घालून, केस विंचरून उशीला टेकवून बसवलं.

वाचन सुरू झालं आणि भोंग्यातून मायचा आवाज आला. आला म्हणजे काय, झाकण लावलेल्या डब्यात कुणी कुजबुजावं तसा. तिचा आहे एवढं ओळखू येत होतं, बाकी काही नाही. मी फोन करून चुलतभावाला आवाज वाढवायला सांगितलं. त्यानं वाढवला तसं विहारातलं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, किंचाळलं आणि बंदच करावं लागलं. आबा बराच वेळ भोंग्याच्या दिशेनं कान लावून बसले होते. मग हळूहळू त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. धुतलेल्या सदऱ्यातली ती पाठ बघून मला जो संताप आला तो मी कुणावर काढू तेच कळेना, म्हणून समोर आलेल्या प्रत्येकावर काढला.

माळावरच्या सगळ्यांचं एकच मत पडलं, की मशीन कमी पडतंय, मोठं आणा. चुलतभावाचंही तेच. मला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही ते सांगता येईना. वर्षावास संपायला आता फार दिवस राहिले नव्हते, आणि पुढच्या वर्षावासाला आबा असतील की नाही याबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते. रात्रभर माझ्या डोळ्यासमोर ती पाठ होती.

सकाळी मी भोंगा खांबावरून उतरवून घेतला, चुलतभावाच्या गाडीवर विहारात नेला आणि हातभर तारेनं थेट मशीनला जोडला. त्यानं माईकमध्ये नुसतं 'हॅलो' म्हटलं तर लिंबावरचे पारवे उडाले. म्हणजे मशीन ठणठणीत, भोंगाही ठणठणीत. आवाज वाटेत मरत होता. मी तसं म्हणाले तर चुलतभावाचा चेहरा उतरला.

"अक्का, जयंतीच्या वायरला नाव ठेवू नका," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत तिनं एकदाबी दगा न्हाई दिला."

मी त्याला विहाराच्या पायरीवर बसवून घेतलं आणि दहावीचा धडा काढला. तार लांब झाली की तिचा रोध वाढतो, जाड झाली की कमी होतो. बल्बाच्या माळेत घरची लाईट खेळते, तिचा जोर, म्हणजे व्होल्टेज, मोठा आणि करंट थोडा, म्हणून बारीक तार चालते. भोंग्याचं उलटं. मशीनकडून येणारा जोर कमी असतो, तो एवढ्या लांब बारीक तारेतून गेला तर निम्म्याहून जास्त तारच खाते. ठिबकच्या नळीनं कुणी मोट रिकामी करत नाही, तसं. त्यात दर हातावर बल्बासाठी सोललेले जोड, वर चिकटपट्टी आणि आत पावसाचं पाणी. ही वायर वाईट नाही, म्हटलं, ती बल्बाची आहे, तिला तिचं काम करू द्या. त्यानं ऐकून घेतलं, वायर गोळा केली आणि पुन्हा निळ्या कापडात नीट बांधून ठेवली.

मग सुरू झाला केबलचा शोध. मुखेडच्या दुकानात लाल-काळी, चकचकीत, पट्टीसारखी तार दाखवली. घरातल्या स्पीकरला ती ठीक, पण आमच्या उन्हात एका उन्हाळ्यात तिचा पापड झाला असता. पुढच्या आठवड्यात मला प्रशिक्षणासाठी नांदेडला जायचं होतं, तेव्हा तिथल्या मोठ्या दुकानात गेले. दुकानदारानं जाडजूड वेटोळं पुढे टाकलं. वर मोठ्या अक्षरात शुद्ध तांबं लिहिलेलं. मी त्याच्याकडून ब्लेड मागून घेतलं आणि तारेचं टोक खरवडलं. वरचा लाल मुलामा निघाला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. सगळे हेच नेतात मॅडम, तो म्हणाला. मी म्हटलं, सगळ्यांना माळावर न्यायची नाही.

मला काय हवं ते मी त्याला स्पष्ट सांगितलं. आत खरं तांबं, तेही जाड. वरचं आवरण ऊनपाऊस सोसणारं. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मधे एकही जोड नसलेली एकसंध केबल. त्यानं शंभर व्होल्टच्या लाईनचं सुचवलं. मोठ्या मैदानात तसं करतात, भोंग्याला छोटा ट्रान्सफॉर्मर लावला की बारीक तारही पुरते, हे मलाही ठाऊक होतं. पण त्यासाठी मशीनच्या पाठीवर तसं टोक लागतं आणि आमच्या जुन्या मशीनला ते नव्हतं. चांगली केबल एवढ्या लांबीत हैदराबादहून मागवावी लागेल, म्हणाला, दिवाळीनंतर मिळेल. अश्विन पौर्णिमा दिवाळीच्या आधी येते. मी ब्लेड परत दिलं आणि बाहेर पडले.

गावी उतरले तेव्हा माझं डोकं तडकलेलं होतं. ओढा ओलांडून बांधानं वर निघाले. वाटेत शेतकरी काकांचा आखाडा लागतो, म्हणजे त्यांचं रानातलं छप्पर. तिथं खुंटीला एक भलंमोठं निळं वेटोळं टांगलेलं होतं. या वाटेनं मी शंभरदा गेले असेन आणि ते शंभरदा बघितलं असेल. त्या दिवशी पाय थांबले. बोअरच्या मोटारीची चपटी केबल होती ती. आत तीन तारा, तिन्ही जाड.

काका बैलांना पाणी दाखवत होते. मी विचारलं, ही केबल कुठली. त्यांनी कपाळाला हात लावला. आठशे फूट खाली गेलेला बोअर, तळाला फुफाटा लागला, मोटार काढून विकली आणि केबल तेवढी राहिली. मी टोक खरवडून बघू का म्हटलं तर त्यांनी खिशातला चाकू दिला. खरवडलं. लाल, आणखी खरवडलं, आणखी लाल. अस्सल तांबं, मधे जोड नाही आणि लांबीही माळापर्यंत पुरेल एवढी. मला त्या आखाड्यात नाचावंसं वाटलं, पण बैल बिचकले असते.

काकांना सगळं सांगितलं. आबांचं नाव निघताच त्यांनी वेटोळं खुंटीवरून उतरवलंसुद्धा. आबांच्या गाडीतून त्यांनी कितीतरी वर्षं बाजाराला भाजी नेली होती आणि आबांनी त्यांची टोपली कधी टपावर टाकायला लावली नव्हती, हे त्यांच्या लक्षात होतं.

"पाण्यात बुडून राहायला केलेली केबल हाय ही," ते म्हणाले. "तिला पावसाची काय फिकीर? घिऊन जा. फक्त माझ्या सोयाबीनमधून तुडवत जाऊ नका, बांधावरून न्या."

चुलतभाऊ आधी जरा नाराज होता. मोटारीची केबल भोंग्याला लावलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. पण वेटोळं उलगडल्यावर त्यानं ते हातात फिरवून बघितलं आणि म्हणाला, "निळीच हाय की." पुढे त्याची हरकत उरली नाही. दोन्ही टोकं सोलून मी मीटर लावला, आत कुठं तुटलेली नाही याची खात्री केली. लाल तार एका बाजूला जोडली. पिवळी आणि निळी एकत्र पिळून दुसऱ्या बाजूला, म्हणजे तांबं आणखी वाढलं. बांधावरच्या लिंबांना आधी लोखंडी तार ताणून बांधली आणि केबल तिला अडकवली, म्हणजे केबलवर ओढ नको. विजेच्या खांबांपासून ती लांब ठेवली, नाहीतर भोंग्यात नुसती घूं घूं आली असती. भोंग्याचं तोंड थोडं खाली झुकवलं आणि त्याच्याजवळ केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळातून ठिबकून जाईल, आत शिरणार नाही. चुलतभाऊ म्हणाला, मधे एक जोड काढून ठेवू, पुढं कामाला येईल. मी शिडी धरून उभी होते. म्हटलं, जोड काढलास तर शिडी सोडते.

शनिवार होता. मायला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती ग्रंथ पदराखाली घेऊन चिखलातून विहाराकडे गेली आणि चुलतभाऊ मशीनपाशी जाऊन बसला. मी धुतलेला सदरा काढला तर आबांनी हातानं नको म्हटलं. एकदा फजिती झाली होती, पुन्हा सजून बसायची त्यांची तयारी नव्हती. मी बाज तेवढी दाराशी ओढली. आजूबाजूचे लोक खुर्च्या घेऊन बाहेर आले होते, आणि माझी फजिती बघायची संधी त्यांच्यातल्या काहींनी सोडली नसती.

वंदना झाली. प्रत्येक शब्द वेगळा, स्वच्छ. मग थोडं थांबून भोंग्यातून कागदाची सळसळ आली. माय पान उलटत होती आणि ते पान उलटल्याचं आम्हाला माळावर ऐकू येत होतं. मी तिथंच, सगळ्यांसमोर, मूठ आवळून हवेत उडवली. दहावीत पहिल्या आलेल्या मुलीनंही एवढं केलं नसतं. मग माय वाचायला लागली.

तिचा आवाज मोठा नाही. पण तो थेट येत होता, घरात बसून वाचावं तसा, आणि सगळ्या माळावर पसरत होता. लांबलचक जोडाक्षरं ती घाई न करता घेत होती, वाक्य संपलं की श्वास घेत होती, आणि तो श्वाससुद्धा ऐकू येत होता. मला हे एकदम फार झालं. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, काय केलंस गं तू हे. मी लगेच सुरू झाले, की केबलमध्ये तांबं असावं लागतं, आणि जाडी, आणि जोड तर अजिबात—

आबांचं डावं बोट वर झालं.

माय चुकली का कुठं? मी तर ऐकलंच नव्हतं. मग लक्षात आलं की आबा भोंग्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. चूक मायची नव्हती. गप्प बस, असं ते मला सांगत होते. मी आयुष्यात इतक्या आनंदानं कधी गप्प बसले नाही. वाचन संपेपर्यंत ते बोट पुन्हा वर झालं नाही. हात पांघरुणावर उघडा पडून होता.

माय आली तेव्हा अंधार पडला होता. दारात पाय धुतले, ग्रंथ कपाटावर ठेवला, पदरानं तोंड पुसलं. आबांनी ओठ हलवले, पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा शब्द निघाला.

"बरोबर," आबा म्हणाले.

राखेत अक्षरं गिरवल्यापासून हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती बाजेच्या कडेला बसली आणि त्यांचा तो डावा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. मी तिला म्हटलं, तुला सांगितलं नाही तेच बरं झालं, नाहीतर घाबरली असतीस.

"मला कळलं होतं," माय म्हणाली. "पहिल्या ओळीलाच माझा आवाज माळावरून माघारी आला. मंग समजलं, तुझी तार लागली, आन् हे ऐकायलेत."

म्हटलं, मग?

"मंग काय? वाचत गेले. अडखळले का कुठं, तूच सांग."

मी तोंड उघडलं, पण आबा माझ्या आधी बोलले.

"न्हाई."